टोकाचा भात

सारविदींचा उजवा डोळा गेला, ते त्यांनी बायकोला आठ दिवस सांगितलं नाही. पार्तिनाहला कळलं ते चहामुळे. ती रोजच्यासारखा पेला त्यांच्या उजव्या हाताशी ठेवायची आणि तो तिथेच गार होऊन जायचा. नवव्या दिवशी तिने पेला डावीकडे ठेवला. त्यांनी उचलला, घोट घेतला. ते जोडपंच तसं.

मी त्यांची शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये केळीची एक रांग आहे आणि कपडे वाळत घालायची एक तार. तार दोघींची. तेवीस वर्षांत त्या घरातलं जे काही मला कळलं ते त्या तारेपाशी, ओले कपडे झटकताना.

आमचं मुंतिलान पाथरवटांचं गाव. सकाळी सात वाजता छिन्न्या सुरू होतात आणि धूळ दुपारपर्यंत धुतलेल्या चादरींवर बसते. सारविदींचे वडील दगडाचे बुद्ध घडवायचे. मुलाला धुळीचा खोकला व्हायचा, म्हणून त्याला शिकवलं. शिकून तो शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीचा राखणदार झाला. मास्तर नव्हे. कुलूप उघडणं, पुसणं, बिघडलेलं दुरुस्त करणं, कुलूप लावणं.

एका वर्षी कुठल्याशा कचेरीने आपले टाकाऊ चाळीस कॉम्प्युटर शाळेला दान दिले. फोटो निघाले, भाषणं झाली, केळीच्या पानातले लाडू वाटले. दुसऱ्या दिवशी त्यातला एकही धड चालेना. नव्या प्रणालीचं ओझं त्या म्हाताऱ्या यंत्रांना पेलत नव्हतं. सारविदींनी त्या प्रणालीच्या जागी लिनक्स घेतलं. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. ज्याला हवं त्याने घ्यावं, हवं तसं बदलावं आणि पुढच्याला द्यावं. त्यातलं जड, फोल ते एकेक करून काढून टाकलं आणि चाळीसच्या चाळीस यंत्रं उठवून बसवली. पार्तिनाह तेव्हा पायरीवर तांदूळ पाखडत होती. त्यांच्या या लिनक्सचं नाव तिथूनच आलं. तांपाह, म्हणजे सूप.

पुढे दर वर्षी नवी आवृत्ती निघायची आणि तिला पार्तिनाहच्या स्वयंपाकघरातल्या एकेका वस्तूचं नाव मिळायचं. मोदकपात्र, भाताचा चमचा, पाटा, विळी.

"बारा वस्तू गेल्या," पार्तिनाह एकदा म्हणाली. "आता झाकणं आणि चिमटा उरलाय. म्हणावं, नवीन भांडी आणा, नाहीतर काम थांबवा."

हसलो आम्ही दोघी.

तांपाह कुठे कुठे गेलं याची वही होती. डोंगरावरच्या शाळा, मशिदींची वाचनालयं, गावोगावची लहान आरोग्यकेंद्रं. फोनवर एक गट होता, त्यात चार हजार शंभर माणसं. आमच्याकडे मोठ्या पुरुषाला आदराने पाक म्हणतात, बाईला बू आणि तरुणाला मास. सकाळी पहिलं वाक्य हमखास, 'पाक, तब्येत सदैव ठणठणीत राहो,' आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. दुसरं वाक्य, 'पाक, माझा प्रिंटर चालत नाहीये.' सारविदी प्रत्येकाची तक्रार शाळेच्या वहीत लिहायचे, आकडा घालून. अशा सदतीस वह्या झाल्या. पण चार हजारांतल्या कुणी 'पाक, मी काही करू का' असं विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

डोळे गेले साखरेच्या दुखण्याने. जोग्या शहरातल्या डॉक्टरांनी डावा डोळा पाहिला आणि म्हणाले, "वर्षअखेरपर्यंत धरून चला. त्यानंतरचं मी सांगत नाही." तेव्हा सप्टेंबर संपत आला होता.

तारेपाशी पार्तिनाहने मला सगळं सांगितलं. म्बाक म्हणते ती मला, म्हणजे ताई. "त्यांना एक माणूस हवाय, म्बाक. एकच. सहा आठवडे शेजारी बसून शिकेल असा. या डोळ्याने दिसतंय तोवर सगळं दाखवायचं म्हणतात. कुठून काय येतं, काय काढायचं, काय काढलं की काय मोडतं. वह्यांत आहे, पण वह्या त्यांच्याशिवाय कुणाला लागत नाहीत."

"आणि नाही मिळाला कुणी तर?"

"एक मोहोर असते म्हणे. प्रत्येक सुधारणेवर ती उमटवून पाठवायची, तेव्हाच ती सगळ्या यंत्रांना पटते. तिची मुदत तीस नोव्हेंबरला संपते. दहा वर्षांपूर्वी घातलीय यांनीच. म्हणे, तोवर कुणीतरी दुसरा आलेला असेल."

"मग गटावर सांग म्हणावं सरळ! माझे डोळे चाललेत, माणूस पाठवा."

पार्तिनाहने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना बाजारात उघडं उभं राहायला सांगितलं. मी नऊ वर्षं हाँगकाँगला लोकांच्या घरी राबून आले. तिथे 'नाही' म्हणायला शिकले आणि 'द्या' म्हणायलाही. गावात त्याचं कुणी कौतुक केलं नाही.

सारविदींनी तीन दिवस खपून निरोप लिहिला. तिने मला वाचून दाखवला. 'डोळे थोडे दमलेत. कुणाला कधी इकडून जाणं झालं आणि सवड असली, तर गरिबाघरी चहाला यावं.'

"एवढंच?"

"त्यांचं म्हणणं, समजणाऱ्याला समजेल."

समजलं. आमच्याकडे असा निरोप सगळ्यांना समजतो. म्हणूनच ते सगळे मिळून आले.

ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला एक मिनीबस गल्लीच्या तोंडाशी थांबली. सव्वीस माणसं उतरली. सेमारांग, सोलो, बांतुल, कुठून कुठून. आजाऱ्याला भेटायला गाडी करून जायची आमची रीत, ती या लोकांनीही पाळली. पावाचे पुडे, संत्री, साखर नसलेली बिस्किटं. चपलांनी अंगण भरलं. मी आणि पार्तिनाह सव्वीस पेले चहा घेऊन आत-बाहेर करत होतो.

सारविदी चटईवर मधोमध बसले होते. इस्त्रीचा बाटिकचा सदरा, त्याची वरची गुंडी चुकीच्या काजात. एकेकजण वाकून हात हातात घेत होता आणि ते आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करत होते. त्यांच्या मागच्या टेबलावर यंत्र सुरू करून ठेवलेलं होतं आणि शेजारी एक रिकामी खुर्ची. ती त्यांनी सकाळीच आतून आणवली होती. उशी घालून.

गप्पा झाल्या. रस्ता, गर्दी, मुंतिलानचा आंबवलेला तांदूळ पूर्वीइतका गोड राहिला नाही. साखरेच्या दुखण्यावर कुणाच्या मावशीला कुठला पाला लागू पडला. एक तास गेला. खुर्चीकडे सगळ्यांचं लक्ष जात होतं आणि सगळे दुसरीकडे बघत होते. गालिह नावाचा सेमारांगचा एक इंजिनिअर होता, तिशीपस्तिशीचा, शांत. या सगळ्यांत खरं काम येणारा तोच, हे सारविदी पार्तिनाहला अनेकदा म्हणाले होते. तो तर पेल्यातल्या चहाच्या पानांकडेच बघत होता.

"पाक, दुसरं काही लागलं तर सांगा हं," असं म्हणत माणसं उठायला लागली, तेव्हा माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं.

"लागतंय," मी म्हटलं. "त्या खुर्चीवर बसायला माणूस लागतोय. डोळा आहे तोवर. तुमच्यापैकी कोण बसणार?"

बाहेर छिन्न्या वाजत होत्या. पार्तिनाहने माझ्या ओढणीचं टोक खेचलं. सारविदींची मान खाली गेली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण ते 'नाही, तसं काही नाही' असंही म्हणाले नाहीत. वाट बघत होते.

पाक कुंचोरो नावाच्या गृहस्थांनी घसा साफ केला. ते गटाचे सगळ्यात उत्साही सभासद, जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेले. "बूंनी फार महत्त्वाचा मुद्दा काढला. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. सगळ्यांनी मिळून उचलायला हवं. काय?"

"हो, हो!" सव्वीस जणांचा जीव भांड्यात पडला.

आणि तिथेच, आमच्या चटईवर, समिती स्थापन झाली.

आठ दिवसांनी कुंचोरोंनी गटावर यादी टाकली. पार्तिनाह फोन घेऊन तारेपाशी आली. "तू वाच, माझा चष्मा घरात आहे." चष्मा तिच्या डोक्यावर होता.

मी वाचली. आश्रयदाते, सल्लागार, अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, चिटणीस. कार्यक्रम विभाग, सजावट विभाग, छायाचित्र विभाग. खाद्यपान विभागात पाच नावं. टी-शर्ट विभाग वेगळा. सगळ्यात शेवटी, तांत्रिक विभाग: पाक सारविदी.

"हे काय?" मी म्हटलं.

"मी फोन केला होता कुंचोरोंना," पार्तिनाह म्हणाली. "ते म्हणाले, 'बू, पाक हयात असताना त्यांच्या जागी दुसऱ्याचं नाव लिहायचं? आमची जीभ झडेल.'"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? आभार मानले."

"आणि ते?"

"ते म्हणाले, लोक मान देतात, आपण वाकडं बोलू नये." तिने तारेवरची उशीची खोळ काढली आणि पुन्हा त्याच जागी वाळत घातली. "काल त्यांनी मला विचारलं, पार, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय का. चालू होतं, म्बाक."

समितीने ठरवलं की नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी तांपाहची बारा वर्षं साजरी करायची. सारविदींच्याच अंगणात. मध्ये समारंभात करतात तो पिवळ्या भाताचा उंच शंकू, तुंपेंग.

हे ऐकून मी वैतागले, पण सारविदी मात्र खुलले. चार दिवस त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. शेवटी पार्तिनाहला त्यांनी सांगितलंच. तुंपेंग कापताना त्याचं टोक ज्याच्या हातात द्यायचं, त्याच्या हातात पुढचं सगळं दिलं, असं आमच्याकडे सगळेच धरतात. बाप ते थोरल्याला देतो, जाणारा साहेब येणाऱ्या साहेबाला.

"गालिहला देणार," ते म्हणाले. "नाव घेऊन. सगळ्यांसमोर. मला तोंडाने मागायला नको आणि त्याला नाही म्हणता यायचं नाही." पार्तिनाह सांगत होती, की बारा वर्षांत इतकी लबाड कल्पना त्यांना कधी सुचली नव्हती आणि त्याचा त्यांना केवढा आनंद झाला होता.

रविवारी सकाळी दहाला अंगणात मांडव होता. मागे कापडी फलक, त्यावर सारविदींचा जुना फोटो, दोन्ही डोळे टक्क उघडे. साठेक माणसं, सगळ्यांच्या अंगात सूप छापलेले टी-शर्ट. भाषणं झाली. कुंचोरोंनी 'आपले दीपस्तंभ' म्हटलं, टाळ्या पडल्या. भात पार्तिनाहने आणि मी पहाटेपासून रांधला होता. शेंड्यावर फुलासारखी चिरलेली एक लाल मिरची.

तिने त्यांच्या कोपराला धरून शंकूपाशी नेलं. त्यांनी डाव्या हाताने टोक चाचपलं, सुरी बरोबर घातली आणि टोक बशीत घेतलं. बशी घरचीच होती, कडेला टवका उडालेली. दोन्ही हातांनी ती पुढे धरून ते म्हणाले,

"हा भात मी मास गालिहला देतो. यापुढे तांपाह..."

टाळ्या वाजल्या. पुढचं वाक्य बुडालं.

गालिह उठला. कमरेत वाकून आला. बशी दोन्ही हातांत घेतली. मी पार्तिनाहचा दंड धरला होता, तो मी किती जोरात धरला होता हे मला दुसऱ्या दिवशी तिने वळ दाखवला तेव्हा कळलं.

"पाक, माझी काय पात्रता," गालिह म्हणाला. "पाक कुंचोरोंसारखी वडीलधारी माणसं इथे असताना मी पुढे कसा होऊ?" आणि बशी त्याने कुंचोरोंकडे केली.

"छे छे, मी कसला वडीलधारा!" कुंचोरो हसले. "हे आपले हेडमास्तर बघा. ते माझ्याआधीपासून गटात आहेत."

बांतुलचे ते म्हातारे हेडमास्तर गोंधळून उभे राहिले. बशी हातात घेऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. आता बोललं की सगळ्यांची सुटका होईल असं काहीतरी त्यांना सापडलं होतं.

"मान ज्याचा त्यालाच," ते म्हणाले. "पाक सारविदींशिवाय तांपाह कुणाचं?"

आणि त्यांनी बशी सारविदींच्या हातांत ठेवली.

अशा टाळ्या मी त्या गल्लीत कधी ऐकल्या नाहीत. काहींनी डोळे पुसले. छायाचित्र विभाग गुडघ्यांवर बसून फोटो काढत होता. सारविदी हसऱ्या चेहऱ्याने उभे होते. त्यांचा अंगठा बशीच्या कडेवरून हळूहळू फिरला आणि टवक्यापाशी थांबला.

"पार," ते हळू आवाजात म्हणाले, "हा कुणाचा?"

"तुमचाच. परत आलाय."

"असं होय."

त्यांनी तो खाल्ला. उभ्या उभ्या, सगळा, मिरचीसकट. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लोकांना भरून आलं. तो फोटो पुढे सगळ्यांनी एकमेकांना पाठवला.

गालिह चपला घालत होता तिथे मी त्याला गाठलं. "मास, त्यांनी काय दिलं ते तुला कळलं नाही?"

"कळलं, बू." तो चपलेचा पट्टा लावत राहिला. "म्हणूनच तर."

"मग नाही म्हणायचं होतंस. ऑक्टोबरातच. त्यांनी दुसरा शोधला असता."

"त्यांच्या तोंडावर?" त्याने वर पाहिलं. चेहरा पार उतरलेला. "माझी आई दिवसाआड दवाखान्यात असते. नोकरी बारा तासांची. हे काम म्हणजे लग्नासारखं आहे, बू, एकदा घेतलं की सुटत नाही. त्यांनाच बघतोय ना बारा वर्षं. हो म्हटलं तर मी मेलो, नाही म्हटलं तर ते."

बस सुटायची वेळ झाली होती. त्याने वाकून माझा निरोप घेतला. त्याच्यावर रागवायला मला जमलं नाही, आणि त्याचाच जास्त राग आला.

त्यानंतर सारविदी दोन आठवडे यंत्रापाशी गेले नाहीत. उशीची खुर्ची आत गेली. पंचवीस तारखेला सकाळी त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. पार्तिनाह एका बोटाने टाइप करणार, मी पडदा वाचून दाखवणार. त्यांचा डावा डोळा आता खिडकी कुठे आहे एवढंच सांगत होता.

"पाक, मुदतच वाढवा ना," मी म्हटलं. "मी वाचते, ही टाइप करते. एक वर्ष काढू."

"वाढवता येईल," ते म्हणाले. "आणि मग? मोहोर असली की लोकांना वाटत राहणार, मागे कुणीतरी बसलंय. उद्या एखादं भोक पडेल, ते बुजवायला मी नाही. डोंगरावरच्या त्या केंद्रांमध्ये पोरांची वजनं आहेत, बायकांची दुखणी आहेत. चौकीदार नसलेल्या घरावर त्याचा कंदील टांगून ठेवू नये."

मग त्यांनी सांगितलं आणि पार्तिनाहने एकेक अक्षर शोधत लिहिलं. 'मी आंधळा झालो आहे. तांपाह चालवायला दुसरं कुणी नाही. तीस नोव्हेंबरला ते बंद होईल. त्याआधी आपलं सगळं दुसरीकडे हलवा. कसं, ते विचारा. मी सांगेन.' दोन महिन्यांपूर्वी लिहायचं ते हेच होतं. लिहायला चाळीस मिनिटं लागली.

अर्ध्या तासात दोनशे उत्तरं आली. तब्येत सदैव ठणठणीत राहो, पाक. हात जोडलेले. फुलं. रडके चेहरे. मी वाचत गेले, मग वाचायची थांबले.

कुंचोरोंचा फोन आला. "पाक, ते 'बंद' आणि 'आंधळा' जरा कठोर वाटतं हो. लोक घाबरलेत. तूर्त काढून टाकू आणि समितीच्या बैठकीत..."

"नाही," सारविदी म्हणाले.

पार्तिनाहने चमकून माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात तिने हा शब्द त्यांच्या तोंडून नुसता, मागेपुढे काही न लावता, पहिल्यांदा ऐकला.

दुपारी एक वेगळा निरोप आला. वोनोसोबोच्या वरच्या एका केंद्रातली नर्स, युनियार. 'पाक, माझ्याकडे दोनशे अकरा मुलांची वजनं आहेत. तीस तारखेपर्यंत ती निघाली पाहिजेत. मी आधी काय दाबू?'

मी वाचलं तसे सारविदी ताठ बसले. "तिला फोन लावा."

तीन सकाळी ते तिच्याशी बोलत होते. समोर पडदा नाही, डोळे नाहीत, सगळं पाठ. "खाली डावीकडे सुपाचं चित्र आहे, ते दाबा. आता वरून चौथी ओळ. नाही, पाचवी नको, चौथी. काय दिसतं ते वाचा." ती खणखणीत आवाजात वाचायची, चुकायची, स्वतःलाच शिव्या घालायची, पुन्हा करायची. मागे बाळं रडत असायची. तिसऱ्या दिवशी वजनं हलली आणि ती म्हणाली,

"अहो पाक, हे तर जमण्यासारखं आहे! मला आधी का नाही शिकवलंत? मी तर शिकले असते."

"कुणी विचारलं नाही."

"आणि विचारायचं असतं हे मला कोण सांगणार? मला वाटायचं, तिकडे तुमची मोठी कचेरी असेल. पन्नास माणसं."

सारविदींनी फोन मांडीवर ठेवला. तिकडून दोनदा 'पाक? पाक?' झालं, तेव्हा पार्तिनाहने फोन घेऊन तिचे आभार मानले.

चार हजार शंभरांतले सात जण विचारायला आले. सातांचंही त्यांनी हलवून दिलं. शेवटची एक शाळा तीस तारखेला सकाळी. बाकीच्यांचं काय झालं, काय होईल, ते आम्हाला माहीत नाही. यंत्रं लगेच थांबत नाहीत. चालत राहतात, आणि म्हणूनच कुणाला काही वाटत नाही.

तीस तारखेला अकराच्या सुमारास मी तारेवरचे कपडे काढायला गेले तर ते पडवीत बसले होते, हात मांडीवर. पार्तिनाह चहा घेऊन आली. पेला तिने उजवीकडे ठेवला नाही आणि डावीकडेही नाही. त्यांची बोटं एकेक करून उघडली, पेला त्यांत दिला आणि वरून आपला हात तसाच दाबून धरला.

"सोड," ते म्हणाले. "भाजतंय तुला."

"भाजू दे," ती म्हणाली.